हॉर्नखाली दबलेला शब्द

आमच्या घरातल्या मागच्या खोलीला माझी बायको ‘यार्ड’ म्हणते. कुणी दारात येऊन ‘सर हायत का?’ विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असतं, ‘यार्डात हायत. इंजिन बिघडलंय.’ कोणतं इंजिन, ते ऐकणाऱ्यानं आपापलं समजून घ्यायचं. मी आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवण्यात सगळी नोकरी घालवली. निवृत्त झाल्यावर हिंगोलीतले माझ्या वयाचे लोक शेती बघतात, राजकारण करतात, नाहीतर कट्ट्यावर बसून एकमेकांच्या बीपीच्या गोळ्या ताडून बघतात. मला यातलं काहीच जमेना. मी प्लायवूडच्या फळ्या जोडल्या आणि त्यांच्यावर रेल्वे स्टेशन बांधायला घेतलं.

आमच्याकडे पूर्वी छोटी लाईन होती, म्हणजे मीटरगेज. पूर्णेहून निघायची, हिंगोलीवरून अकोल्याला जायची. त्या लाईनीवरची लहान स्टेशनं मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. एखादी बुटकी इमारत, कडुनिंब, लोखंडी बाक, मागं बाभळी आणि बाभळींच्या मागं काळी शेतं. लाईन रुंद झाली तसं ते सगळं बदललं. बदललं त्याचं मला दुःख नाही, आता गाड्या बऱ्या धावतात. पण ते पुन्हा बघायचं तर स्वतःच बांधावं लागणार होतं, आणि मला बांधता येत होतं.

म्हणून बांधलं. आमच्या वावरातली माती आणून चहाच्या गाळणीनं चाळली. (ती गाळणी कुणाची, हा विषय घरात अजून मिटलेला नाही.) तुराट्यांच्या शेंड्यांची झाडं केली. रूळ आणि इंजिन ऑनलाईन मागवले, डबे सनबोर्डाचे घरी कापले. स्टेशनच्या मागं आठवडी बाजार बसवला. बाजारातली पालं बायकोच्या जुन्या साड्यांच्या तुकड्यांची आहेत. या वेळी मी आधी विचारलं होतं.

बघायला लोक यायचे. ‘लई भारी सर’ म्हणायचे, इंजिनानं दोन फेऱ्या मारल्या की खिशातून मोबाईल काढायचे. मला राग यायचा. एवढी मेहनत, आणि माणूस दोन फेऱ्यांत कंटाळतो? मग एकदा मी स्वतःच पाहुण्यासारखा खुर्ची टाकून बसलो आणि बघितलं. इंजिन मिक्सरसारखं घुरघुरत होतं आणि बाकी सगळं गप्प होतं. बाजार भरलेला, माणसं हात वर करून भाव सांगतायत, आणि आवाज म्हणून काही नाही. सगळ्यांना एकदम लकवा मारावा तसं ते दिसत होतं.

आवाज पाहिजे होता. इंजिनाचा नव्हे, मागचा. पाखरं, गर्दी, वारा, लांबची सायकलची घंटी. मी जुन्या कॉम्प्युटरचे स्पीकर फळीखाली उलटे लावले, म्हणजे आवाज कुठून येतो ते कळू नये. मेमरी कार्डावरचं गाणं वाजवणारी एक छोटी सर्किटची पाटी बाजारात मिळते, ती जोडली. या कामाचा एक नियम मी आधी वाचला आणि मग अनुभवानं शिकलो. आवाज इतका हळू ठेवायचा, की तो चालू असताना कुणाच्या ध्यानात येऊ नये आणि बंद केल्यावर सगळ्यांच्या ध्यानात यावा.

पहिल्यांदा मी इंटरनेटवरून आवाज उतरवून घेतले. ‘गावचं स्टेशन, पाखरं आणि गर्दी’ असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं होतं. मोठ्या उत्साहानं लावलं आणि बायकोला बोलावलं. ती दारात उभी राहून ऐकत राहिली.

‘ही पाखरं कुठली?’

‘पाखरं ती पाखरं. कुठली म्हणजे?’

‘आपली न्हाईत. आपलं एकबी पाखरू इतकं लाडात बोलत न्हाई.’

मी वाद घातला, पण ती बरोबर बोलत होती. कावळा नव्हता, साळुंकी नव्हती, होला नव्हता. गर्दीही कसली तर पावसाळी कोट घालून रांगेत उभी असलेली. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. मी ते काढून टाकलं.

मग म्हटलं, गर्दी घरीच तयार करू. बायकोच्या बचत गटाच्या बायका दर महिन्याला आमच्या ओसरीवर जमतात. त्यांच्या बैठकीत इतका गलका असतो, की मला यार्डाचं दार लावून घ्यावं लागतं. मी त्यांना सांगितलं, ‘बायांनो, मला बाजाराचा गलका पाहिजे. तुम्ही नेहमीसारखं बोला, मी नुसता मोबाईल मधे ठेवतो.’ मोबाईल ठेवला आणि ओसरी चिडीचूप झाली. एकमेकींकडं बघून सगळ्या पदर सावरायला लागल्या. शेवटी एकीनं घसा साफ केला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात बोलावं तशी म्हणाली, ‘नमस्कार. आज आपण बाजारात आलेलो आहोत. येथे विविध प्रकारच्या भाज्या उपलब्ध आहेत.’ दुसरी तिला म्हणाली, ‘होय ताई, भाज्या अत्यंत ताज्या आहेत.’ जन्मात कधी ‘अत्यंत’ न म्हटलेली बाई ही! मला हसावं की रडावं कळेना. मी मोबाईल उचलला, त्या क्षणी पहिली ओरडली, ‘काहून गं मला मधीच कोपर मारून राहिली व्हती तू?’ आणि गलका सुरू झाला.

हे आमच्याकडंच होत असेल असं नाही, पण आमच्याकडं हटकून होतं. माईक दिसला की माणूस आपली भाषा खुंटीला टांगतो आणि बातम्यांची अंगात घालतो. चहाच्या टपरीवर प्रयत्न केला, तिथंही तेच. टपरीवाला ‘कृपया’ म्हणाला. तेव्हा ठरवलं, कुणाला सांगायचं नाही, दाखवायचं नाही. पिशवीत मोबाईल ठेवायचा, वरून मेथीची जुडी टाकायची आणि भरल्या बाजारातून हिंडायचं. कुणा एकाचं बोलणं चोरायचं नव्हतंच मला. सगळ्यांचं मिळून जे होतं, तेवढं पाहिजे होतं.

हिंगोलीच्या बाजारात गाड्यांचा आवाज फार. म्हणून मी जवळा बाजारला गेलो. औंढ्याच्या पुढं ते गाव आहे, आणि त्याच्या नावातच बाजार आहे. तिथला आठवडी बाजार मोठा भरतो. मी पिशवी खांद्याला लावून फिरलो, मसाल्याच्या पालांपाशी उभा राहिलो, खारीक-खोबऱ्याच्या दुकानापाशी उगीच रेंगाळलो, जिलेबी खाल्ली आणि एस.टी.नं परत आलो. घरी येऊन ऐकलं तर सोनं होतं. हाका, वजनकाट्याची साखळी, कोंबड्या, ‘सरका सरका’, पोराचं रडणं, लांबून टेम्पो. सगळं आपलं.

आता कापणं आलं. हा आवाज चार-पाच मिनिटांचा करून गोल फिरवायचा असतो, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं त्यात ओळखू येईल असं काही ठेवून चालत नाही. एखादा माणूस जोरात खोकला असेल, तर पहिल्या फेरीत तो खोकला बाजाराचा असतो. तिसऱ्या फेरीला ऐकणारा म्हणतो, ‘आला बघ तो खोकलेवाला,’ आणि सगळं सोंग उघडं पडतं. म्हणून मी खोकला काढला, रडणारं पोर काढलं, ‘सरका’ काढलं. एक बाई मात्र निघता निघेना. खारीक-खोबऱ्याच्या दुकानापाशी ती डिंकाचा भाव करत होती आणि तिचा आवाज सगळ्या बाजारावर बसत होता. खणखणीत, थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. ती बोलायला लागली की बाकीचा बाजार तिचा नोकर वाटायचा. मी तिला कापायला तिचा तुकडा पुन्हा पुन्हा लावत होतो.

तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली.

तिच्याबद्दल सांगायला पाहिजे. माझा मुलगा नांदेडला नोकरी करतो, शनिवार-रविवार घरी येतो. त्याची बायको इथं हिंगोलीत एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. ती औंढा तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरची. आम्ही बौद्ध. दोघांनी रजिस्टर लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. आमच्याकडचे काही नातेवाईक तेव्हा फुगून बसले, पण जेवणाचं आमंत्रण गेलं की ते फुगलेलेच येतात आणि पोटभर जेवतात, त्यामुळं ते निभावलं. तिच्याकडून कुणीच आलं नाही. तिच्या घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, आणि बापानं पहिल्याच फोनला सांगितलं की या नंबरावर पुन्हा फोन करू नको. तिनं केला नाही. मानी आहे. कामाला वाघ, बोलायला कमी, आणि मला ‘मामा’ म्हणते, जसं आमच्याकडं सासऱ्याला म्हणतात.

तिला सहावा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत सगळ्यांना ठाऊक. दवाखान्यात येणारी प्रत्येक बाई तिच्या पोटाकडं बघून विचारायची, ‘सिस्टर, तुमी कवा जाणार माहेरी?’ ती ‘बघू’ म्हणायची आणि बीपीचा पट्टा आवळायची. हे मला बायकोनं सांगितलं. बायको म्हणाली, ‘मी सगळं करीन तिचं, काई कमी पडू देणार न्हाई. पण ती माझ्याकडं बघती आन् तिला आई आठवती, ते मला दिसतं. तिथं मी काय करू?’ वायरिंगचं काम असतं तर मी केलं असतं.

तर ती चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून उभी राहिली.

‘मामा, परत लावा.’

मी लावलं.

‘ही माझी याडी हाय,’ ती म्हणाली. याडी म्हणजे आई, तांड्यावरच्या बोलीत.

मी तिच्या आईला कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे त्या दिवशी मी माझ्या विहिणीच्या शेजारी, तिच्या कोपराला पिशवी लागेल इतक्या जवळ उभा होतो आणि मला माहीत नव्हतं. उलट ‘ही बाई कापायची’ म्हणून मी तासभर बसलो होतो. मी खुर्ची तिला दिली.

ऐकू येत होतं ते असं. दुकानदार म्हणत होता, ‘घ्या की मावशी, डिंक एक नंबर हाय.’ बाई म्हणत होती, ‘एक नंबर? ह्यात काड्या किती हायत बघ. काड्या खाऊ घालू व्हय मी?’ दुकानदार हसला. ‘कुनासाठी पायजे? बाळंतिणीसाठी?’ आणि बाई म्हणाली, ‘व्हय. माझ्या…’ आणि तिथं जीपचा हॉर्न. लांब, बेशरम, तीन सुरांचा हॉर्न. तो थांबला तेव्हा बाई पुढं गेलेली होती, ‘…म्हनून म्हनते, चांगला दे.’

आम्ही पुन्हा लावलं. ‘माझ्या,’ आणि हॉर्न.

‘लेकीसाठी म्हणली का?’ सूनबाईनं विचारलं. माझ्याकडं न बघता विचारलं.

मी आयटीआयचा माणूस. म्हटलं, निघेल. आवाज साफ करायचं एक ॲप घेतलं, दुसरं घेतलं. हॉर्न कमी केला की बाई पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी ऐकू यायची, आणखी कमी केला की दोघंही जायचे. वेग कमी करून बघितला. हॉर्न सुरू व्हायच्या आधी एका अक्षराचा उंबरठा तेवढा ऐकू येत होता. मला तो ‘ले’ वाटला. स्पष्ट ‘ले’. बायकोला बोलावलं. ती कानात इअरफोन घालून डोळे मिटून बसली आणि म्हणाली, ‘सु.’

‘सु कसा? ले आहे.’

‘सु हाय. सुनेसाठी.’

‘तुला ऐकू कमी येतं.’

‘मला कमी येतं, म्हनून तर तुमच्यासंगं इतकी वर्षं निघाली.’

सूनबाई हसली नाही. तिनं शांतपणे सांगितलं की गेल्या वर्षी तिच्या भावाचं लग्न झालं. वर्गातली एक मैत्रीण दवाखान्यात आली होती, तिच्याकडून कळलं. म्हणजे घरात सून होती. बाळंतीण सूनही असू शकत होती आणि, मैत्रिणीनं तिकडं पोटाचं सांगितलं असलं तर, लेकही. आई कुणासाठी डिंक घेत होती, ते त्या हॉर्नखाली दबलेलं होतं. त्या जीपवाल्याला मी मनात अशा शिव्या घातल्या, की त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

मी तो तुकडा कापला नाही. कसा कापणार? बाजार गोल फिरू लागला आणि चार-पाच मिनिटांनी सूनबाईची आई येऊन काड्यांवरून भांडू लागली. सूनबाई ड्युटीवरून आली की यार्डात खुर्ची टाकून बसायची. इंजिन चालू करायला सांगायची नाही, झाडं बघायची नाही. आई येऊन गेली की डोक्यावरून हात फिरवल्यासारखी जरा सैल व्हायची आणि पुढच्या फेरीपर्यंत थांबायची. बघायला येणाऱ्या लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला ती बाई ध्यानात यायचीच. ‘सर, ही मावशी लई डेंजर दिसती,’ असं एकजण म्हणाला. माझं सोंग उघडं पडत होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

पण मला दुसरंच वाटायला लागलं होतं. पोरगी दिवसेंदिवस त्या ‘माझ्या’ शब्दापाशी येऊन थांबत होती. एकदा मी तिला म्हणालो, ‘शहरातल्या एखाद्या रेकॉर्डिंगवाल्याकडं देऊ का? त्यांच्याकडं चांगली यंत्रं असतात. निघेल कदाचित.’

ती पटकन म्हणाली, ‘नको मामा. हॉर्न हाय ते बरं हाय.’

मला कळायला वेळ लागला. हॉर्न होता तोवर तिथं ‘लेकीसाठी’ असू शकत होतं. हॉर्न निघाला आणि खाली ‘सुनेसाठी’ निघालं, तर तिच्याकडं काय उरणार होतं? मी हे बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती डोळ्यांना पदर लावेल. ती उठली आणि सरळ यार्डात गेली, मी मागोमाग. सूनबाई तिथं ऐकत बसली होती.

‘बंद करा ते,’ ती मला म्हणाली. मी बंद केलं. मग ती सुनेकडं वळली. ‘पोटात लेकरू घेऊन किती दिवस जीपचा हॉर्न ऐकत बसतीस? आई जिती हाय ना? बाजारात येती ना? मग जाऊन इचार.’

‘आत्या, ती बोलली न्हाई तर?’

‘तर मी बोलते तिच्यासंगं. मला बी बघायचीय, काड्यांवरून भांडणारी बाई.’

तिसऱ्या दिवशी सूनबाईनं दवाखान्यातून सुट्टी घेतली.

पुढच्या बाजाराला आम्ही तिघं एस.टी.नं निघालो. औंढ्याला गाडी बदलली. बायकोनं पिशवीत सुनेसाठी पाण्याची बाटली, बिस्किटं, लिंबू आणि एक उशी घेतली होती, जणू आम्ही दिल्लीला निघालो होतो. बाजारात शिरल्यावर ती मला म्हणाली, ‘मोबाईल बंद करा.’ मी तो आधीच बंद केला होता. खरं तर मी तो घरीच ठेवणार होतो.

सूनबाईच्या आधी मीच तिच्या आईला ओळखलं, कारण मला तो आवाज पाठ झाला होता. खारीक-खोबऱ्याच्या त्याच पालापाशी ती उभी होती आणि या वेळी सुंठेवरून भांडत होती. बारीक अंगाची, उंच, डोईवर पदर, हातात नायलॉनची पिशवी. एवढा आवाज हिचा कुठून निघतो, हाच मला प्रश्न पडला. मी हातानं दाखवलं. सूनबाई पुढं झाली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन थांबली.

बाईनं बघितलं. आधी तोंडाकडं, मग पोटाकडं. सुंठ हातातच राहिली.

सूनबाई तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, अगदी हळू. मला त्यातलं ‘याडी’ तेवढं कळलं.

बाईनं मराठीत उत्तर दिलं. बाजारातल्या परक्या बाईला द्यावं तसं. ‘कितवा?’

‘सहावा. सरत आला.’

‘दवाखान्यात दाखवून राहिल्या ना?’

राहिल्या! पोटच्या पोरीला ती अहोजाहो करत होती. मला वाटलं, आपण हिला इथं आणून चूक केली, घरी निदान हॉर्न होता. सूनबाई मात्र मागं हटली नाही. दवाखान्यात सुई टोचताना करते तसा तिनं चेहरा केला आणि मराठीतच विचारलं, ‘मागच्या महिन्यात तू इथं डिंक घेतला. कुनासाठी घेतला?’

‘भावजयीसाठी तुझ्या. तिला दिवस भरत आलेत,’ बाई म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. ‘दुसऱ्या कुनासाठी घेऊ? मला कुनी सांगितलं? सहा महिने झाले! मला काय सपान पडनार व्हतं? बापानं फोन बंद केला, मी केला व्हता का? तुझे पाय मोडले व्हते का? हितं मी दर बाजारी उभी ऱ्हाते, दर बाजारी! तुला यायचं माहीत न्हाई?’

दुकानदार तराजू सोडून ऐकत होता. शेजारच्या पालातलेही ऐकत होते. आणि कुठल्या तरी वाक्याच्या मधेच बाईची मराठी सुटली. पुढचं सगळं ती तिच्या भाषेत बोलली. खूप वेळ, मोठ्यानं, हातातली सुंठ हलवत. मला एक शब्द कळला नाही. कळायची गरजही नव्हती. परक्याला कुणी असं रागावत नाही. सूनबाई मान खाली घालून ऐकत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मधे एकदा बाईनं बोलता बोलताच आपल्या पदरानं तिचं तोंड पुसलं, लहान लेकराचा शेंबूड पुसतात तसं, जोरानं, आणि पुन्हा रागवायला लागली.

मग ती थांबली. दुकानदाराकडं वळली.

‘मागच्या बारीला जितका डिंक दिला व्हता, बराबर तितकाच जोख. काडी दिसली तर तुझी खैर न्हाई.’

त्यानं निमूट जोखला. बाईनं पुडी स्वतःच्या हातानं बांधली. मला वाटलं, ती लेकीला देईल. तिनं पहिल्यांदाच आमच्याकडं नीट बघितलं, मला वगळून माझ्या बायकोकडं आली आणि पुडी तिच्यापुढं धरली.

‘तांड्यावर न्यायची सोय न्हाई हिला. हिच्या बापाचा राग अजून उतरला न्हाई,’ ती म्हणाली. ‘सातवा लागला की मीच येते तुमच्याकडं. सांगून येते का न सांगता येते, ते माझं मी बघते. तवर हे हिला लाडू करून घाला, ईनबाई. डिंक आधी तुपात तळायचा, मग कुटायचा. तसाच कुटला तर दाताला चिकटतो.’

ईनबाई. तीन वर्षांत माझ्या बायकोला कुणी विहीण म्हटलं नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या अर्ध्या बाळंतिणींचे डिंकाचे लाडू माझ्या बायकोच्या हातचे असतात. डिंक कसा तळावा, हे तिला कुणी सांगितलं तर ती सांगणाऱ्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढते. मी स्वतः दोनदा निघालो आहे. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं पिशवी खाली ठेवली, पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि विचारलं, ‘किती तळायचा म्हनता, ईनबाई?’